लावणी आटपल्यार बघूया : सिंधुदुर्गातल्या एका लेप्टो रुग्णाचं प्रकरण

रुग्ण बाई, वय ४३, विधवा, व्यवसाय शेती आणि शेतमजुरी. तापाच्या सहाव्या दिवशी त्यांना आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणलं तेव्हा डोळे पिवळे झाले होते, पोटऱ्यांना हात लावू देत नव्हत्या आणि आदल्या रात्रीपासून लघवी जवळजवळ बंद होती. निदान लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो), म्हणजे चिखलपाण्यातून होणारा जंतूंचा ताप, त्यातला गंभीर प्रकार. बाई वाचल्या. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण त्याचा जो अहवाल वर गेला त्यात दोनच कारणं होती : प्रतिबंधक गोळी घेतली नाही, आणि दवाखान्यात उशिरा आल्या. दोन्ही खरी आहेत. पण तेवढ्यावर थांबलो तर पुढच्या आषाढात त्याच वाडीतून दुसरी कुणी तशीच येईल. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.

घर आणि जमीन

गाव सह्याद्रीच्या पायथ्याकडचं. वाडी मुख्य गावापासून व्हाळाच्या (ओढ्याच्या) पलीकडे, मध्ये एक साकव, म्हणजे लहानसा पूल. पावसाचा जोर असला की साकवावरून पाणी जातं आणि वाडी तेवढ्यापुरती तुटते. संध्याकाळी वस्तीची एसटी येते ती सकाळी सुटते. मधल्या वेळात रिक्षा मिळाली तर मिळाली.

बाईंचा नवरा मुंबईला खासगी नोकरीत होता. आजारपण घेऊन गावी आला आणि गेला. मुलगा गोव्यात हॉटेलात कामाला, मुलगी बारावीत. दोन दीर मुंबईत, ते गणपतीला आणि शिमग्याला येतात. आमच्या भागात अशी घरं जागोजागी आहेत. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या, शेजारच्या रत्नागिरीत १,१२२. २००१ ते २०११ या दहा वर्षांत दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. कमावती माणसं बाहेर जातात, आणि मागे राहिलेली शेती बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या अंगावर पडते.

आता सातबारा. जमीन सामाईक आहे आणि अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. सासरे वारले, वारस नोंद झाली नाही. मग नवरा वारला, त्याचीही नाही. नोंद करायची तर सगळ्या हिस्सेदारांना एकत्र आणायचं, कागद जमवायचे आणि तलाठ्याकडे खेपा घालायच्या. त्यासाठी मुंबईची माणसं रजा काढून येतील तेव्हा खरं. परिणाम असा की ज्या बाई वर्षानुवर्षं ही जमीन कसतात त्या कागदावर शेतकरी नाहीत. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये त्यांना मिळत नाहीत. सोसायटीचं पीककर्जही मिळत नाही. हातात रोकड येते ती मजुरीची, काजूच्या हंगामातली आणि म्हशीच्या दुधाची.

मग शेती करायचीच कशाला, असं आमच्या बैठकीत एका सहकाऱ्याने विचारलं. प्रश्न रास्त आहे, कारण पैशाच्या हिशोबात ही भातशेती तोट्याची आहे. पण त्यातून सातआठ महिने पुरेल एवढा तांदूळ घरात येतो आणि म्हशीला पेंढा मिळतो. शिवाय एका दिराला जमीन विकायची आहे. कुणगे (भाताची खाचरं) एक पावसाळा पड राहिले की ‘कसत कोण नाही, मग ठेवायची कशाला’ हे बोलणं सुरू होतं. नाव नसलेल्या बाईकडे हक्क सांगायला वहिवाट एवढाच आधार आहे. म्हणून त्यांना लावणी चुकवून चालत नाही. हे कळलं नाही तर पुढच्या सहा दिवसांतलं काहीच कळणार नाही.

गोळी

लेप्टोचे जंतू उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात येतात. माणसाच्या अंगात ते कातडीवरच्या जखमेतून, चिरांतून किंवा डोळ्यानाकातोंडाच्या ओल्या त्वचेतून शिरतात. भिजून मऊ पडलेली कातडी त्यांना सोपी. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, उतारावरचे गोठे, खाली पायऱ्यांसारखे कुणगे आणि वरच्या कुणग्यातून खालच्यात सोडलेलं पाणी, असं सगळं इथे एकत्र आहे. बाईंचे पाय मी तपासले तेव्हा टाचांना भेगा होत्या, त्यात चिखलाची काळी रेघ बसलेली, आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या होऊन सालं निघालेली. रात्री त्या भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, गरम करून भेगांत भरत. उपाय चांगला आहे, वेदना कमी होते. पण सकाळी आठला पाय परत चिखलात.

गमबूट वापरा असं आम्ही पत्रकात लिहितो. ज्याने लावणी केली आहे त्याला हे वाचून काय वाटत असेल! चिखलणी केलेल्या कुणग्यात वाकून, मागे सरकत तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावायचा असतो. तिथे बूट चिखलात रुततो आणि पाय बाहेर येतो. बांधावर फवारणी करणाऱ्याला बूट उपयोगी आहेत, लावणीवाल्या बाईला नाहीत.

राहिली गोळी. डॉक्सिसायक्लिन, २०० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, जोखमीचं काम चालू असेपर्यंत. आशाताईंनी ती घरी नेऊन दिली होती, नोंदही आहे. बाईंनी पहिल्या आठवड्यात घेतली ती सकाळी सहाला, कोऱ्या चहावर, कारण त्या वेळी घरात दुसरं काही खायची पद्धत नाही. खाऊन जायला वेळही नसतो. उपाशीपोटी डॉक्सिसायक्लिन अन्ननलिकेला आणि पोटाला जाळते, मळमळते. दोन तासांनी ओणव्या अवस्थेत चिखलात उभ्या असताना त्यांना उलटी झाली. मेरेवर (बांधावर) बसून राहावं लागलं. मजुरीचा दिवस होता, बसल्यामुळे अर्धा धरला. ३०० मधले १५० गेले. पुढच्या आठवड्यातली गोळी चुलीवरच्या फळीवर डब्यात राहिली.

मी नंतर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “पेज मिळता ती मेरेर, गोळी ऱ्हवता घराक.”

शेतात साडेदहा-अकराच्या सुमारास पेज येते. लावणीच्या दिवसांत पोटभर असं पहिलं अन्न तेच. ‘जेवणानंतर घ्या’ हे आमच्या पाकिटावर छापलेलं होतं. बाई दहावी पास आहेत, त्यांनी ते वाचलं होतं. लेप्टो म्हणजे काय हेही त्यांना ठाऊक होतं, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ते रंगवलेलं आहे. सिंधुदुर्गाची साक्षरता २०११ मध्येच ८५ टक्क्यांच्या वर होती. तरीही आम्ही प्रत्येक अहवालात ‘जनजागृती वाढवावी’ असं लिहून मोकळे होतो, याचा मला मनापासून संताप येतो.

सहा दिवस

लागण झाल्यापासून ताप यायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात. त्या दिवसांत बाई स्वतःच्या शेतात नव्हत्याच, पैऱ्याला दुसऱ्यांच्या शेतांत होत्या. पैरा म्हणजे माझ्या शेतात तू, तुझ्या शेतात मी, पैशाची देवाणघेवाण नाही. आठ जणी आपल्याकडे यायच्या असतील तर आधी आठ घरं फिरून यायचं. रोकड नसलेल्या घराला लावणी करायचा हा एकच मार्ग आहे. लागण दुसऱ्याच्या कुणग्यात झाली आणि ताप आला तो स्वतःच्या लावणीच्या तोंडावर.

पहिल्या दिवशी संध्याकाळी थंडी वाजून ताप. दुकानातून तापाची गोळी आणली. दुसऱ्या दिवशी शेवटच्या घरचा पैरा बाकी होता. न जावं तर त्या घरची बाई चौथ्या दिवशी आपल्याकडे येणार नाही, आणि तिच्या जागी मजुरीने बाई सांगायला पैसे नाहीत. त्या गेल्या. अंग ठणकत होतं, पण लावणीत कुणाचं ठणकत नाही? पोटऱ्यांचं दुखणं हे या आजाराचं ओळखीचं लक्षण, आणि दिवसभर ओणवं राहणाऱ्या बाईला ते कामाचंच दुखणं वाटतं. लक्षण आणि काम इतकं एकमेकांत मिसळलेलं असताना तिने ते वेगळं कसं ओळखायचं?

तिसऱ्या दिवशी पॉवर टिलर आला. तो ताशी भाड्याने मिळतो, नंबर लावावा लागतो. आपला दिवस सोडला तर पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही. तरवाही थांबत नाही. तो २१ ते २५ दिवसांचा असताना लावला तर फुटवे चांगले धरतो, जून झाला की पीक घटतं. मुलीने आईला सांगितलं की दवाखान्यात जाऊ. उत्तर मिळालं, “लावणी आटपल्यार बघूया.”

त्याच दिवशी संध्याकाळी त्या बाजारातल्या खासगी डॉक्टरांकडे गेल्या. आमच्याकडे का नाही? आमची ओपीडी सकाळची, आणि दुपारनंतर थोडा वेळ. त्या दोन्ही वेळा शेतातल्या आहेत. बाजारातला दवाखाना रात्री आठपर्यंत उघडा असतो. तिथे अंगदुखीचं इंजेक्शन मिळालं, बहुधा डायक्लोफेनॅक, आणि त्याच्याच गोळ्या. लेप्टोत मूत्रपिंडाला आधीच मार बसत असतो, त्यात ही औषधं भर घालतात. वैद्यकीय दृष्टीने हे वाईट झालं. पण त्या डॉक्टरांना एकट्याला दोष देऊन मी सुटू शकत नाही. रुग्णाने त्यांच्याकडे उद्या उभं राहता येईल असं काहीतरी मागितलं, आणि तिला वेळ असताना उघडं असलेलं दार तेवढं एकच होतं.

चौथ्या दिवशी आठ जणी आल्या. पैऱ्याला आलेल्या बायकांची पेज, भाजी, दुपारचं जेवण घरधनिणीने करायचं असतं. बाईंनी पहाटे चारला उठून ते केलं आणि नंतर त्यांच्याबरोबर दुपारपर्यंत लावणीही केली. मुलगी त्या दिवशी कॉलेजला गेली नाही. दुपारी बाई मेरेवर आडव्या झाल्या. इतर जणींनी लावणी पुरी करून दिली. पाचव्या दिवशी डोळे लाल, उलट्या थांबेनात. पण पाऊस इतका की साकव पाण्याखाली. सहाव्या दिवशी सकाळी पाणी उतरल्यावर वाडीतल्या चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना पलीकडे आणलं, तिथून रिक्षाने आमच्याकडे.

तारखा मांडून बघितल्यावर लक्षात येतं की सहापैकी पाचव्या दिवशी पावसाने अडवलं, आणि पहिल्या चार दिवसांत बाईंनी घेतलेला एकही निर्णय त्यांच्या परिस्थितीत अविचाराचा नव्हता. त्यांच्या जागी पगारी रजा असलेली शिक्षिका असती, किंवा मी असते, तर दुसऱ्या दिवशी घरी पडून राहिलो असतो. शेतमजुराला आजारपणाची रजा नाही, राज्य कामगार विमा त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि पैऱ्यात तर मालक-मजूर असं नातंच नाही.

रुग्णालयात

हा भाग थोडक्यात. संशयावरूनच सेफ्ट्रिॲक्सोन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं, सलाईन जपून लावलं, १०८ बोलावून वरच्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. लेप्टोच्या रक्ततपासणीचा (आयजीएम एलायझाचा) अहवाल नंतर आला, पॉझिटिव्ह. उपचार त्याच्यासाठी थांबवायचे नसतात. प्लेटलेट घसरल्या होत्या, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन चढलेलं होतं, काही दिवस डायलिसिस करावं लागलं. फुप्फुसात रक्तस्राव झाला नाही, हे मोठं नशीब. लेप्टोत मूत्रपिंड बंद पडलं तरी वेळेत सांभाळलं तर बहुतेकदा पूर्ववत होतं, आणि तसं झालं. तीन महिन्यांनी केलेल्या तपासण्या ठीक होत्या.

उपचारांचं बिल शून्य. हे सरकारी व्यवस्थेचं यश आहे आणि ते ठळकपणे सांगायला हवं. पण मुलीने ठेवलेली वही मी पाहिली. रिक्षा, मुलाचं गोव्याहून येणं-जाणं आणि कापला गेलेला पगार, सोबतीला राहिलेल्या मावशीचं जेवण, बाहेरून आणलेली काही औषधं, रक्तदात्यांना आणायला केलेली गाडी, बचत गटाचे थकलेले हप्ते. सगळं मिळून चाळीस हजारांच्या घरात. त्यासाठी दुभती म्हैस विकली. म्हैस गेली म्हणजे रोजचे दुधाचे पैसे गेले आणि शेणखतही गेलं. अशक्तपणामुळे कापणीला बाई उभ्या राहू शकल्या नाहीत, मजूर लावावे लागले. मुलीने बारावीची परीक्षा दिली, पण मधले दोन महिने घर आणि गोठा तिच्याकडे होता. आजार बरा झाला त्या दिवशी आमच्या नोंदवहीत प्रकरण संपलं. घरात ते पुढचं वर्षभर चालू होतं.

आजार साथीचा की कामाचा

जर्मनीतल्या आडोल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये काविळीसह येणाऱ्या या तापाचं वर्णन केलं. १९१५ मध्ये जपानमध्ये इनाडा आणि इदो यांनी त्याचा जंतू दाखवला, तो क्यूशू बेटावरच्या कोळसा खाणीतल्या कामगारांच्या आजारावरून. म्हणजे पहिल्यापासून हा ओल्या, घाणेरड्या पाण्यात राबणाऱ्यांचा आजार आहे. खाणकामगार, गटारं साफ करणारे, भात लावणारे. आमच्याकडे मात्र तो पावसाळी साथीच्या यादीत येतो. साथ म्हटली की फवारणी, पत्रकं, गोळ्यांचं वाटप आणि वैयक्तिक काळजी. कामाचा आजार म्हटलं की वेगळे प्रश्न विचारावे लागतात : काम कोणाचं, कोणत्या वेळेचं, ते थांबवायचा अधिकार कोणाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या आयोगाने २००८ मध्ये मांडलं होतं की माणसं कशा परिस्थितीत जन्मतात, वाढतात, राहतात आणि काम करतात यावर त्यांचं आरोग्य ठरतं. आम्हाला प्रशिक्षणात हे शिकवतात. रुग्ण समोर आला की मात्र हात गोळीच्या पाकिटाकडे जातो.

पुढच्या हंगामात

आम्ही बदललेल्या गोष्टी लहान आहेत. पहिली, गोळी घरी द्यायची नाही. सोमवारी आशाताई पेजेच्या वेळी शेतात जातात, पेज खाल्ल्यावर समोर गोळी देतात आणि वर भरपूर पाणी प्यायला लावतात. लांबच्या कुणग्यांवर ज्यांच्या घरची लावणी असेल त्या घरधनिणीकडे आदल्या संध्याकाळी गोळ्या पोचवतात, म्हणजे पेजेच्या टोपाबरोबर गोळ्याही जातात. उलटीच्या तक्रारी जवळजवळ बंद झाल्या. ही कल्पना माझी नव्हे. बाईंच्या त्या एका वाक्यावरून आशाताईंनी ती काढली.

दुसरी, लावणीच्या आठवड्यांत आठवड्यातून दोनदा रात्री आठपर्यंत ओपीडी. कर्मचाऱ्यांवर याचा ताण येतो आणि तो कायम असा अंगावर घ्यावा असं मी म्हणणार नाही, मनुष्यबळ वाढवून मिळायला हवं, तशी मागणी केली आहे. बाजारातल्या डॉक्टरांशीही बोलले. शेतात जाणारी व्यक्ती, ताप आणि पोटऱ्या दुखणं एवढं जुळलं तर वेदनाशामक इंजेक्शन न देता पॅरासिटामॉल आणि आमच्याकडे चिठ्ठी. त्यांनी ते मानलं आणि पाळलंही.

तिसरी गोष्ट वाडीतल्या बचत गटाने केली आणि मला सगळ्यांत मोलाची ती वाटते. पैऱ्यात एखादी आजारी पडली तर तिचा दिवस गटातल्या दोघी-तिघींनी वाटून घ्यायचा, आणि तिने फेड लावणीत न करता कापणीत करायची. कुठल्याही योजनेत बसणार नाही असा हा ठराव आहे. पण ‘न गेले तर माझ्याकडे कोण येणार’ ही भीती त्याने सैल झाली. त्या हंगामात वाडीतून तापाच्या दुसऱ्याच दिवशी बायका येऊ लागल्या.

जे झालं नाही तेही लिहिते. साकवाचं अंदाजपत्रक झालं आहे, काम नाही. आमच्या अहवालाच्या नमुन्यात दोन रकाने घालावेत असं मी सुचवलं आहे : ताप आला त्या दिवशी रुग्ण कोणाच्या शेतात होता, आणि त्या दिवशी काम सोडलं असतं तर त्याचं काय गेलं असतं. त्यावर अजून निर्णय झालेला नाही. वारस नोंदीसाठी बाईंनी तलाठ्यांकडे अर्ज दिला आहे. एका दिराची संमती मिळाली. ज्यांना जमीन विकायची आहे त्यांची बाकी आहे, आणि गणपतीला ते गावी आले की ग्रामपंचायतीचे दोन सदस्य बाईंबरोबर त्यांच्याशी बोलायला बसणार आहेत.